दुपारपासूनचे तास

दंडाला पट्टा बांधून झाला होता, काठी मुठीत आली होती, आणि रोलांदो न्हावी नश्तराची धार अंगठ्याच्या नखावर बघत होता. दर वसंतात मी त्याच्याकडे रक्त काढून घ्यायला जाते. माझा नवरा स्वतः न्हावी, आमचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे, आणि मी मात्र परक्यापुढे बाही वर सारून बसते, याचं आता पादोवात कुणाला नवल वाटत नाही. एकोणीस वर्षं झाली. नवल किती दिवस पुरणार! शेजारच्या बाकावर सान्त अंतोनिओच्या मठातले फ्रा बेल्लीनो डोकं भादरून घेऊन घाम पुसत बसले होते. ते मठात नव्या लोकांना गणित शिकवतात, आणि शिकवणाऱ्या माणसाला हात रिकामे ठेवता येत नाहीत, म्हणून त्यांनी रोलांदोच्या कमरेला लटकणारं पंचांग ओढून घेतलं आणि घडी उलगडली. ते पंचांग माझ्या हातचं. गावातल्या चार न्हाव्यांकडे माझ्याच हातची प्रत आहे. आतल्या पानावर उघडा माणूस उभा, त्याच्या डोक्यावर मेष, मानेवर वृषभ, दोन्ही बाहूंवर मिथुनाची जोडी, आणि तसं खाली पावलांपर्यंत, जिथं मीन आहे. ज्या राशीत चंद्र, त्या अवयवाला लोखंड लावायचं नाही, हे लहान मूलही सांगेल. माझी जोडी जरा ढब्बू निघते, पण त्याबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही. फ्रा बेल्लीनोंनी आजच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "रोलांदो, बाईच्या हाताला आज नश्तर लावतोस? वेड लागलं का तुला? चंद्र सकाळपासून मिथुनात आहे."

रोलांदो हसला. "सकाळपासून कुठला? विसाव्या तासाला लागतोय. ही बघा ओळ. आत्ता अठराचे ठोके पडतील, विसाच्या आत बाई घरी जाऊन अंडं खात बसेल."

"वीस कुठून मोजलेस?"

"कुठून म्हणजे? काल सूर्य बुडाल्यापासून. मनोऱ्यावरचं घड्याळ मोजतं तसं. तुमच्या मठात काय कोंबडा मोजतो?"

"घड्याळ तसं मोजतं, कारण तुला दिवेलागणीला दुकान बंद करायचं असतं," फ्रा बेल्लीनो म्हणाले. "तारे मोजणाऱ्यांना दुकान नसतं. त्यांचा दिवस दुपारी सुरू होतो. आदल्या दुपारपासून वीस तास, म्हणजे आज सकाळी न्याहारीच्या सुमाराला मिथुन लागला. आमच्या मठातल्या प्रतीत रकान्याच्या डोक्यावर लिहिलेलंच असतं: पे, एम्मे, ही दोन अक्षरं, वर एक रेघ. दुपारनंतर. तुझ्या प्रतीत बघ काय आहे... झेता? हे झेता अक्षर काय आहे?"

"ती दोना झिलियाची सही," रोलांदो म्हणाला, आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मी उठले. काय बोलले ते आठवत नाही, बहुतेक "मग परवा येते" असं काहीतरी. चांगली शांतपणे उठले, शाल घेतली, उंबऱ्यापाशी पायरी चुकली नाही. बाहेर कमानीखाली आल्यावर मनोऱ्यावर अठराचे ठोके पडायला लागले आणि मी ते मोजत चालू लागले, एक, दोन, तीन, जणू ते सतराच निघतील किंवा एकोणीस. अठराच निघाले. माझ्या आजूबाजूला माणसं चालली होती, एक गाढव लाकडं घेऊन उभं होतं, कमानीच्या सावलीत दगड अजून रात्रीइतके गार होते, आणि मला एकाएकी वाटलं की या सगळ्यांचा एक दिवस आहे आणि त्याच्या पोटात दुसराच एक दिवस चालू आहे, सात तास पुढं गेलेला, ज्यात हे सगळं होऊन गेलेलं आहे. त्या दुसऱ्या दिवसात माझा भाऊ दानिएले बाही वर करून बसला होता आणि मी दारात उभी राहून ठोके मोजत होते.

कारण ओळ तीच होती, दानिएलेच्या दिवसाची. चंद्र एकोणीस वर्षांनी फिरून त्याच तारखेला त्याच घरात येतो. म्हणून तर पंचांग एकोणीस वर्षांचं करतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून वापरतात. सान्त तिबुर्झिओचा दिवस, एप्रिलचा चौदावा, विसावा तास, मिथुन. सकाळी उठल्यापासून मला माहीत होतं आज कोणती ओळ आहे ते. मुद्दाम याच दिवशी गेले होते मी. त्याच दिवशी, त्याच अठराच्या ठोक्याला रक्त काढून घ्यायचं आणि धडधाकट घरी यायचं, असं काहीतरी मनात होतं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. चंद्राचा दोष नव्हता, वेळ बरोबर होती, हे मला पुन्हा एकदा सिद्ध करायचं असावं. पण कुणापुढे, ते देव जाणे.

दानिएले रंगारी होता, नदीकाठच्या निळीच्या हौदांवर काम करायचा. दोन्ही हात कोपराच्या वरपर्यंत निळे, धुऊन न जाणारे. आई म्हणायची, याला पुरताना देवाला वाटेल अर्धा माणूस दुसऱ्याचाच पाठवला. त्या वसंतात त्याचं डोकं जड व्हायला लागलं म्हणून मीच त्याला बोलावलं. बोर्तोलो, माझा नवरा, त्या वेळी पादोवातला सगळ्यात हलक्या हाताचा माणूस होता. वैद्य लोक "वसंतात, हातातून" एवढं बोलून मोकळे होतात, पण शीर शोधणं, ती किती खोल आहे ते अंगठ्यानं ऐकणं, आणि नश्तर असं लावणं की माणसानं म्हणावं "झालं का?", हे त्याचं काम. त्याला वाचता येत नाही. वाचणं माझं काम होतं. मी दारात उभी राहून मनोऱ्याचे ठोके ऐकायचे आणि म्हणायचे, "आता." तासाला आणि 'आता'ला आमच्या बोलीत एकच शब्द आहे; तो मी म्हटला की त्याचा हात हलायचा. आमचा संसार म्हणजे तेवढाच होता असं कधी कधी वाटतं, माझे डोळे आणि त्याचा हात, आणि मध्ये तो एक शब्द. त्या दिवशी निळ्या कातड्याखाली शीर दिसेना. बोर्तोलो बराच वेळ चाचपत राहिला. दानिएले म्हणाला, "भावजी, रक्तही निळं निघालं तर घाबरू नका. अर्धा शेर ठेवून द्या, बाजारात खपेल." मी म्हणाले, "गप्प बस, विसाला मिथुन लागतोय, वेळ घालवू नकोस." अठराचा शेवटचा ठोका पडला. मी म्हणाले, "आता."

नवव्या दिवशी तो गेला. आधी हात सुजला, मग कोपरापासून काखेपर्यंत तांबडी रेघ चढली, मग ताप. मधल्या एका दिवशी पट्टी बदलताना ती निळी झालेली दिसली आणि मी त्याच्यावर ओरडले होते, की तू त्याच संध्याकाळी हौदात हात घातलास का. तो म्हणाला, कापड अर्ध्यात सोडलं तर चट्टे पडतात, ताई. हे मला आज चालताना आठवलं. इतकी वर्षं आठवलं नव्हतं असं नाही, पण ते बाजूला कुठंतरी पडलं होतं, कारण त्या सगळ्यावर एक वाक्य येऊन बसलं होतं. दानिएलेला ताटीवर ठेवलं होतं, मेणबत्त्या लावल्या होत्या, आणि समोरून बोर्तोलो म्हणाला, "मी मारला याला." आणि मी म्हणाले, "मी तुला माफ केलं."

मला त्या वाक्याचा अभिमान होता, हे आता सांगूनच टाकते. सगळ्या बायकांनी ते ऐकलं. आमच्या पाद्रीनं त्यावर एक प्रवचन दिलं, नाव न घेता, पण सगळ्यांनी माना माझ्याकडे वळवल्या. भाऊ गमावलेली बाई, आणि त्याच हाताला रोज भाकरी वाढते! बोर्तोलोनं नश्तरं तेलाच्या फडक्यात गुंडाळून पिठाच्या पेटीत टाकली आणि त्यानंतर कधी कुणाची शीर फोडली नाही. दाढ्या करतो, दात उपटतो, निखळलेला खांदा बसवतो. पण कुणाकडे जेवायला गेलो तर उजवा हात मेजाखाली, भाकरी डाव्या हातानं मोडतो. देवळात शिरताना पवित्र पाण्यात बोटं बुडवतो तीही डावी. आणि मी हे सगळं बघून न बघितल्यासारखं करायचे. एखाद्या दिवशी तो गप्प असला की पाठीवरून हात फिरवायचे, म्हणजे पुन्हा एकदा माफ करायचे. एकोणीस वर्षं मी हे केलं. मला ते आवडत होतं की काय, हे आज चौकाच्या कोपऱ्यावर उभी राहून मी स्वतःला विचारलं, आणि उत्तर आलं ते मला आवडलं नाही.

चौकात भाजीवाल्या बसल्या होत्या. ओला लसूण, कोवळ्या शेंगा, शतावरीच्या जुड्या. त्यातली ओर्सोला, जिची जीभ नश्तरापेक्षा धारदार, मला बघून ओरडली, "दोना झिलिया, काठी घेऊन कुठं निघालात? बोर्तोलोला बदडायला?" मी खाली बघितलं तर रोलांदोची काठी माझ्या मुठीत तशीच होती. शीर फुगावी म्हणून धरायला देतात ती, रंगवलेली, तांबडी पांढरी. दंडावरचा पट्टाही तसाच. मी वेड्यासारखी बाही वर सारून अर्ध्या गावातून चालत आले होते. "हो," मी म्हणाले, "आधी तुला दोन देते, मग त्याला." बायका हसल्या. ओर्सोला म्हणाली, "द्या की! न्याय तर असाही इथं मिळत नाही. वर बघा, राशीसुद्धा अकराच. तराजू कुणी चोरून नेला." हा विनोद चौकात रोज होतो. मनोऱ्यावरच्या घड्याळात तूळ राशीचं घर नाहीच. का नाही ते जो तो वेगळं सांगतो. मी वर बघितलं. कन्येशेजारी विंचू नांग्या पसरून बसलेला, आणि काटा आपला शांतपणे सूर्यास्तापासून मोजत चाललेला. मला घड्याळाचा राग आला नाही. त्यानं कधी म्हटलं नव्हतं की मी आकाशाचं घड्याळ आहे.

मग वडील आठवले. ते याच गावात न्हावी होते, मूळ प्रत त्यांची. वाचायला मला त्यांनीच शिकवलं, मुलगा नव्हता म्हणून नव्हे, त्यांना कंटाळा यायचा म्हणून. दानिएले धाकटा, तो लहानपणापासून नदीवरच असायचा. रक्त काढायच्या आधी वडील पंचांग बघायचे, मग डोळे मिटून हातांची बोटं एकेक करून मिटायचे, ओठ हलायचे, मग म्हणायचे, "थांबा" किंवा "बसा." मला वाटायचं ते प्रार्थना म्हणतात. हिवाळ्यात चार-पाच बोटं, वसंतात सात, ऐन उन्हाळ्यात आठ. मला वाटायचं थंडीत म्हातारे देवाच्या बाबतीत काटकसर करतात. ते गेल्यावर मीही बोटं मिटायला लागले. प्रत्येक वेळी, अगदी मनापासून, सात वेळा 'नमो मारिया.' आणि ते मोजत होते दुपार आणि सूर्यास्त यांच्यातले तास! पंचांगातल्या आकड्यातून ते वजा करत होते, बस्स. मी कमानीच्या खांबाला टेकून उभी राहिले आणि मला हसू आलं. खरंच आलं. एका भल्या माणसाच्या वजाबाकीला मी आयुष्यभर भक्ती समजत आले.

घरी आले तेव्हा बोर्तोलो दुकानात नव्हता, मागच्या अंगणात शेंगा सोलत होता, त्याचा आवाज येत होता. मी तशीच वर गेले. आईच्या पेटीत तळाला वडिलांची प्रत आहे, कडा उंदरांनी खाल्लेली.  ती उघडली. रकान्याच्या डोक्यावर पे, एम्मे, वर आडवी रेघ. बारीक, तपकिरी, अगदी स्पष्ट. मला ती अक्षरं ओळखीची होती, विसरलेली नव्हती. लग्नाआधी पहिली प्रत उतरवताना मी त्यांच्यापाशी थांबले होते. त्या वेळी गावात पिएरो मारांगोन नावाचा लेखनिक होता, सगळ्यांची पत्रं आणि मृत्युपत्रं लिहायचा, आणि मला वाटलं, ही त्याची सही. पिएरो मारांगोन. पे, एम्मे. वडिलांनी प्रत त्याच्याकडून लिहून घेतली असणार. आणि मी, सतरा वर्षांची, ठसकेबाज, मनात म्हणाले: ही प्रत तर मी लिहितेय, मग त्याची सही का? त्या जागी मी माझं झेता काढलं, शेपटी वळवून, छान. तेच झेता पुढं प्रत्येक प्रतीत उतरत गेलं. ज्या जागी 'दुपारनंतर' लिहिलेलं होतं त्या जागी मी माझं नाव लिहिलं.

खिडकीत बसून राहिले. खाली अंगणात शेंगांची सालं टोपलीत पडत होती. कितीजण, असा विचार आला. चंद्र राशीच्या काठावर असेल तेवढ्याच दिवशी माझ्या चुकीनं फरक पडणार, तरी महिन्यातून चार-पाच वेळा. बोर्तोलोच्या हाताखाली दहा-बारा वर्षं, आणि त्यानंतर चार दुकानांत. बेकरीवाली मेनेगा, पायातून काढलं होतं, चंद्र मीनेत शिरत होता. विणकर ताद्दिओ, मानेवर. धर्मगुरूंची स्वयंपाकीण, तिच्या तर दोन्ही हातांतून, आणि ती अजून दुधवाल्याशी भांडते. मी एकेकाचं तोंड आठवत गेले, आणि कुणाचंही तोंड मेलेलं निघालं नाही. तिथं मी थांबले. तो विचार पुढं कुठं जातो ते मला दिसत होतं आणि मला तिकडं जायचं नव्हतं. आत्ता मला एकच करायचं होतं: खाली जाऊन नवऱ्याला सांगायचं की तुझा हात नव्हता, माझे डोळे होते. किंवा सांगायचं नाही. प्रत इथंच होती, चूल खाली पेटलेलीच होती. फ्रा बेल्लीनोंना कुठं माहीत होतं की ती ओळ कुणाची आहे. मी आणखी दहा वर्षं माफ करत राहिले असते आणि दोघांपैकी एकजण मेला असता. इतकं सोपं होतं. जिन्यावर मी दोनदा थांबले. मला वाटतं मी खाली गेले ते चांगुलपणानं नाही, त्या सालांच्या आवाजामुळे गेले. तो डाव्या हातानं सोलत होता, म्हणून आवाज असा अडखळत येत होता.

"ही कुणाची काठी?" बोर्तोलोनं मान वर न करता विचारलं.

"रोलांदोची."

"काठीच आणलीस? दुकानही उचलून आणायचंस. जागा कमी पडते आपल्याला." मग त्यानं दंडाकडे बघितलं. "रक्त काढलं नाही?"

"नाही. बोर्तोलो, मला काहीतरी सांगायचंय, ते सांगून होईपर्यंत बोलू नकोस."

"मी बोलतो कधी?"

मी सांगितलं. फ्रा बेल्लीनो, दुपार, पे, एम्मे, वडिलांची बोटं, झेता. माझा आवाज शांत होता. वाचून दाखवावं तसं सांगत गेले. शेवटी म्हणाले, "दानिएले बसला तेव्हा चंद्र मिथुनात येऊन पाच तास झाले होते. मी 'आता' म्हणाले म्हणून तू फोडलीस. तुझा हात नव्हता तो." बोर्तोलो हातातल्या शेंगेकडे बघत होता. ती त्यानं अर्धी उघडली होती, आत चार दाणे, एक किडका.

"परत सांग," तो म्हणाला.

"काय?"

"शेवटचं."

"तुझा हात नव्हता."

त्यानं शेंग टोपलीत ठेवली, सालांच्या टोपलीत, दाण्यांसकट.  शेजारच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होतं. मला वाटलं तो रडेल, किंवा मला मारेल, आजवर मारलं नाही ते. त्याऐवजी तो म्हणाला, "मग मेनेगा?"

मी पायाशी पडलेलं एक साल उचललं.

"मेनेगाच्या पायातून काढलं तेव्हाही तूच वाचलंस ना?"

"हो."

"तेही असंच?"

"तेही असंच. मीनेत."

"त्यानंतर तिला चार पोरं झाली," बोर्तोलो म्हणाला. "ताद्दिओ?"

"वृषभ. मानेवर."

"परवा दाढीला आला होता. मान बैलासारखी आहे त्याची." तो बोटं मिटत होता, आणि तीही उजव्या हाताची. "तो चामडेवाला, फाटक्या कानाचा?" हो, मी म्हणाले. "ती स्वयंपाकीण?" हो. "म्हणजे तू काठावर आलं की दर वेळी चुकीचं वाचत होतीस, मी दर वेळी चुकीच्या तासाला फोडत होतो, आणि ही माणसं घरी जाऊन राळ्याची लापशी खात होती." त्याच्या छातीतून एक आवाज आला, मला कळायला वेळ लागला की तो हसतोय. "मग चंद्रानं नाही मारलं त्याला, झिलिया."

हेच, इथंच मला यायचं नव्हतं. चंद्र गेला की पुन्हा हातच उरतो. मी घाईघाईनं म्हणाले, "आणि हातानंही नाही. त्याच हातानं मेनेगाची फोडलीस, ताद्दिओची फोडलीस."

"हो. तेच म्हणतोय मी." त्यानं टोपली बाजूला सारली. "त्याच संध्याकाळी हौदात हात घातला त्यानं, गाढव. कापडाला चट्टे पडतील म्हणून. का त्यानं नसेल झालं? मला काय माहीत! फ्रा बेल्लीनोला विचार, तो आणखी काहीतरी मोजून दाखवेल." मग त्यानं माझ्याकडे बघितलं, सरळ, जसं तो ताटीपलीकडून बघत होता, पण तोंड म्हातारं झालेलं. "दानिएले मेला," तो म्हणाला.

एवढंच. आमच्या घरात हे वाक्य कुणी कधी उच्चारलंच नव्हतं. मी मारला, तू मारलास, मी माफ केलं, अशीच वाक्यं होती, प्रत्येकात आमच्यापैकी कुणीतरी उभं. दानिएले एकटा कधीच नव्हता त्यात. सव्वीस वर्षांचा, कोपराच्या वरपर्यंत निळा, अर्धा शेर रक्त विकायला निघालेला माझा भाऊ, तो मेला होता. आणि मी त्याच्यासाठी रडलेच नव्हते, माफ करण्यातून मला वेळच मिळाला नव्हता. मी जमिनीवर बसले आणि रडले. बोर्तोलो शेजारी येऊन बसला. त्याला रडणाऱ्या माणसाशेजारी बसता येतं, दात उपटून उपटून सवय आहे.

नंतर मी म्हणाले, "ते मी तुला माफ केलं होतं ना. ते मागे घेते."

"घे," तो म्हणाला. "फार जड होतं ते. तू रोज द्यायचीस."

मग त्याचं लक्ष पुन्हा माझ्या दंडाकडे गेलं आणि तो एकदम खेकसला, न्हाव्यासारखा. "अगं, हा पट्टा सोडला नाहीस? हात जांभळा झालाय! अक्कल काय रोलांदोकडे ठेवून आलीस?" पट्टा थोडा सैल पडला होता, पण गाठ कातड्यात रुतली होती. त्यानं ती दातानं धरली, मग उजव्या हाताच्या बोटांनी सोडवली. रक्त खाली उतरायला लागलं, मुंग्या आल्या, हाताला हजार मुंग्या. तो माझं कोपर धरून बसला. कोपराच्या आतल्या बाजूला त्याचा अंगठा आला आणि थांबला, जसा पूर्वी थांबायचा, ऐकल्यासारखा.  शिरेवर बरोबर होता.

"चांगली आहे," तो म्हणाला. "रोलांदो इतकी वर्षं जरा बाहेरच्या बाजूला फोडतोय. डाग बघ."

"तू काढशील?" मी विचारलं.

तो उठला, आत गेला. पिठाच्या पेटीचं झाकण वाजलं. परत आला तेव्हा तेलाचं फडकं त्याच्या हातात होतं, पिठानं पांढरं झालेलं. त्यानं ते मांडीवर ठेवलं, उघडलं नाही.

"आज नाही," तो म्हणाला. "चंद्र मिथुनात आहे."

"तूच तर आत्ता म्हणालास..."

"म्हणालो. तरी पण. एकोणीस वर्षं थांबलो, दोन दिवस थांबू." त्यानं सालांच्या टोपलीतून ती दाणे भरलेली शेंग शोधून काढली आणि उजव्या हातानं सोलायला लागला. "परवा. आणि तास नीट मोज."